पावणेबारावर बसलेली कबुतरं

घड्याळाचा मनोरा, स्तारी ब्रोद
४ मार्च १९३१

ती. वन्संना क्वेताचा सा. नमस्कार.

रादेकला जाऊन वर्ष होत आलं आणि त्यानंतरचं हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. लिहायला बसले की दौतीत पीस पडतं. हे मी गमतीने म्हणत नाही.

गावातलं कुणीतरी तुम्हाला ब्रनोला कळवणारच, त्यापेक्षा मीच सांगते. चौकातलं आपलं घड्याळ मागे पडतंय. चाकं ठीक आहेत, तेलपाणी वेळेवर होतं, लंबक झकास चालतो. बिघाड आहे तो कबुतरांत. मोठा काटा दर तासाला पाऊण तास झाला की आडवा होतो, तेव्हा तो त्यांना खास त्यांच्यासाठी टाकलेला बाक वाटतो. आधी एक येऊन बसतं, मग त्याची बायको, मग तिचं सगळं माहेर. एवढ्यांना घेऊन काट्याला वर चढवत नाही. तो तिथेच थांबतो आणि गावाचा पाऊण तास संपता संपत नाही.

आतून दांडा फिरवून काटा पुढे करता येतो, पण वर भार असताना जोर लावलास तर चाकाचे दात जातील, असं रादेकने मला बजावलं होतं. म्हणून मी त्यांना उठायचं मन होईपर्यंत वाट बघते. ती उठली की काटा जागेवर आणते. पुढच्या तासाला ती परत हजर.

मागच्या उन्हाळ्यात मठाचं छप्पर उतरवलं, तेव्हापासून तिथली सगळी वस्ती आपल्याकडे आली आहे. मैद्याच्या डब्यात पिसं, खिडकीच्या कट्ट्यावर बोटभर घाण. एकीने तर रादेकच्या रविवारच्या हॅटमध्ये अंडं घातलंय. मला ती हॅटही हलववत नाही आणि तिलाही उठववत नाही.

तुमचं बालपण या मनोऱ्यातच गेलं. तुमचे वडील अशा वेळी काय करायचे? तेवढं कळवा.

आपली,
क्वेता


ब्रनो
१२ मार्च १९३१

चि. क्वेतास आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, तुला ताप आहे.

कबुतरं काय आमच्या बाबांच्या वेळी नव्हती? आजोबांच्या वेळी नव्हती? गावात चर्च आहे, चर्चवर कबुतरं आहेत, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण घड्याळ बिघडल्याचं खापर पाखरांच्या डोक्यावर फोडणारी आमच्या घराण्यात तू पहिलीच. रादेकच्या हातात ते घड्याळ होतं तेव्हा स्टेशनमास्तर त्यावरून आपलं घड्याळ लावायचा. आता तो हसत असेल.

तू हे काम नीट शिकली नाहीस, त्यात तुझा फारसा दोष नाही. तू शिंप्याची मुलगी. पण मग तसं सांगावं. नगराध्यक्ष कोप्रिवांना मी परवाच पत्र घातलंय, की घड्याळाकडे कुणा जाणत्या माणसाने बघायला हवं. तुझ्या पाठीमागे केलं असं नको व्हायला, म्हणून तुलाही कळवते.

शिवाय रेल्वेने एक खोकं पाठवते आहे. आमच्या ह्यांच्या अभ्यासिकेतलं पेंढा भरलेलं घुबड आहे. मोठं आहे आणि दिसायला भयंकर आहे, मी स्वतः त्याच्यासमोर पंधरा वर्षं जेवले नाही. ते तबकडीशेजारच्या कठड्यावर ठेव. एक पाखरू फिरकलं तर माझं नाव बदल.

ओतिली


स्तारी ब्रोद
९ एप्रिल १९३१

ती. वन्संना सा. न.

तुमचं नाव बदलावं लागणार.

घुबड पोचलं. सांगितलंत तिथेच ठेवलं. सकाळभर कबुतरं लांब छपरावर बसून त्याच्याकडे बघत होती. दुपारी एक म्हातारं कबुतर उडत आलं, त्याच्या डोक्यावर बसलं आणि झोपलं. मग काय, बाकीच्यांनी घुबडाची शिवण उसवली आणि आतला पेंढा घरटी बांधायला नेला. आता तिथे नुसतं कातडं आहे आणि दोन काचेचे डोळे. ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की मीच आत आणून त्याच्यावर जुनी शाल टाकलीय.

गावात माझ्यावर दोन पक्ष पडलेत. दारूचा गुत्ता घड्याळाच्या ठोक्यावर बंद होतो, तेव्हा पुरुषमंडळी माझी बाजू घेतात. त्यांच्या बायका बाजारात मला पाहून तोंड फिरवतात. बेकरीवाल्या बाईंनी तर परवा तोंडावर विचारलं, "क्वेताबाई, माझा नवरा तुम्ही आम्हाला परत कधी देणार?"

काल नगराध्यक्ष आले होते. मनोऱ्याच्या खालच्या पायरीवरच उभे राहिले, त्यांना उंचीची भोवळ येते. खालूनच ओरडून बोलत होते, सगळ्या चौकाने ऐकलं.

"बाई, घड्याळ मागे का?"

"साहेब, कबुतरं बसतात काट्यावर. वर येऊन बघता का?"

"मला पायऱ्यांचं सांगू नका! नगरपालिकेने कबुतरांना दाणे घालायची बंदी केली आहे. बंदी केली म्हणजे कबुतरं नाहीत!"

हे ते बोलत असताना एक त्यांच्या हॅटवर होतं.

मग कामाचं सांगितलं. चौकातल्या नव्या कारंज्याच्या उद्घाटनाला सतरा मेला राजधानीहून मंत्री येणार आहेत. बाराचे ठोके पडले की बँड वाजणार आणि मंत्री कारंजं सोडणार. "ठोके वेळेवर पडले नाहीत तर महिनाअखेर मनोरा रिकामा करायचा. तुमच्या नणंदबाईंचंही तेच म्हणणं आहे, त्यांचं पत्र आलंय."

वन्सं, मनोऱ्याची जागा घड्याळाच्या कामाबरोबर मिळते, हे तुम्हाला माहीत आहे. काम गेलं की घर गेलं. मला दुसरीकडे जागा नाही. तुम्ही हे मुद्दाम केलं नसेल असं समजून चालते आहे.

क्वेता


ब्रनो
२० एप्रिल १९३१

क्वेतास,

मी जे लिहिलं ते खरं लिहिलं. गोड बोलायची मला सवय नाही, ती माझ्या भावाला होती.

तुला बेघर करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. घड्याळाकडे बघा एवढंच म्हटलं. ब्रनोत राहून मला ते घड्याळ ऐकू येत नाही, पण रोज बारा वाजता मी हातातलं काम थांबवते. का ते तुला समजावत बसणार नाही. रादेकने तिथे आयुष्य घातलं. तो गेल्यावर तेही मागे पडायला लागलं, हे मला सहन होत नाही. कबुतरं, कबुतरं, कबुतरं! मला एक धड कारण दे आणि मी गप्प बसते.

सतरा मेला मी येते आहे, माझ्या डोळ्यांनी बघायला. तुझ्याकडे उतरणार नाही, खाणावळीत उतरेन. काळजी करू नकोस, वर चढणार नाही. गुडघे आता ते ऐकत नाहीत.

घुबडाचं कातडं टाकू नकोस. परत पाठव.

ओतिली


ब्रनो
२० मे १९३१

क्वेता,

मान वळत नाही, म्हणून सरळ समोर बघून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

जे झालं ते आपण दोघींनी पुन्हा तोंडातून काढायचं नाही. एकदाच लिहिते, मग बंद.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते, काळा पोशाख आणि नवी हॅट घालून. बँडवाले वाद्यं तोंडाला लावून तयार. मंत्री कारंज्याची चावी धरून तयार. आणि वर पावणेबारा. बेकरीवालीने मुलांना खसखशीचे बन वाटले होते, त्याचा चुरा सगळ्या चौकभर. त्यावर जमलेली कबुतरं बँडवाल्याने तुतारी साफ करायला फुंकर मारली तशी एकदम उठली आणि सरळ वर गेली. मी मान वर केली. काट्यावर ती एकाला एक चिकटून बसली होती, जशी लग्नाच्या फोटोला बसतात. काटा थरथरत होता. चढायचा प्रयत्न करत होता बिचारा, आणि चढवत नव्हतं.

मला दिसलं, क्वेता. मला माझी चूक दिसली, एवढं बस.

लोक उभे, मंत्री खिशातलं घड्याळ काढतायत, परत ठेवतायत. ठोके पडल्याशिवाय सुरू कसं करायचं, कुणाला धीर होईना. नगराध्यक्ष पांढरे पडले. मी उठले. पायऱ्या कशा चढले ते मला आठवत नाही. वर तू नुसती उभी होतीस, हातात झाडू. मी विचारलं, "तबकडीतली झडप उघडत का नाहीस?" तू म्हणालीस, "उघडलीय वन्सं, माझा हात पोचत नाही." मग मी छत्री घेऊन बाहेर वाकले. तेल घालायची ती झडप लहानपणी मला मोठी वाटायची. मी कमरेपर्यंत गेले, आणि पुढे गेले नाही, मागेही आले नाही.

त्यानंतर मी कबुतरांना जे बोलले ते आमचे बाबा घोड्यांना बोलायचे. ते मला इतकं पाठ आहे हे मलाही माहीत नव्हतं. ती उडाली, काटा सुटला. पण ती पुन्हा पुन्हा येत होती, आणि मी अडकलेलीच होते, म्हणून बारापर्यंत त्यांना हाकलत राहिले. दुसरं करणार काय? ठोके पडले तसे खाली टाळ्या सुरू झाल्या. मंत्रीसुद्धा हसत टाळ्या वाजवत होते. एका विधवा बाईला सगळ्या गावासमोर अशी हसणारी माणसं राज्य करतायत.

तू पाठीमागे माझे पाय धरून हुंदके देत होतीस, ते मला परकराच्या कापडातून जाणवत होतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तुला सगळं माफ केलं. तूही मला कर.

सुताराने चौकट कापून मला काढलं, ते न बोललेलंच बरं. गाडीत बसेपर्यंत मी कुणाकडे बघितलं नाही. हॅट खाली पडली असेल तर जाळून टाक.

ओतिली


स्तारी ब्रोद
२७ मे १९३१

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

हॅट कारंज्यात पडली होती. वाळवून ठेवली आहे.

आता जे सांगते ते बसून वाचा. मंत्री तुम्हाला हसले नाहीत. त्यांना जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. चष्मा ते समारंभात लावत नाहीत. तुम्ही झडपेतून बाहेर आलात, छत्री वर गेली, खाली आली, तोंडातून आवाज निघाला, त्यावर बाराचे ठोके. त्यांना वाटलं, तुम्ही यंत्र आहात. मोठ्या गावांत असतात ना, घड्याळातून बाहुल्या बाहेर येतात, तशी ही आपली.

हे मला नगराध्यक्षांनी स्वतः सांगितलं, आणि या वेळी पाचव्या पायरीपर्यंत चढून. मंत्री त्यांना म्हणाले, "काय हुबेहूब! आवाजसुद्धा आतूनच येतो?"

"आतूनच, साहेब."

"किती जुनी आहे?"

बिचारे घाईघाईने म्हणाले, "सत्तरेक वर्षं, साहेब."

"कारागिराचं नाव?"

तुमच्या वडिलांचं नाव सांगितलं त्यांनी. मला वाटतं, ते अगदीच खोटं नव्हतं.

मंत्री इतके खूश झाले की म्हणाले, "राजधानीतले पाहुणे पाठवतो. चालते कधी?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "दर रविवारी बाराला!"

तर वन्सं, नगरपालिकेचा ठराव झालाय. मनोरा माझ्याकडे कायम. अट एवढीच, रविवारी बाराला म्हातारी बाहेर यायला हवी. तुमच्यासाठी मधली खोली मागितली तर लगेच दिली. आणि आता कबुतरं नसतील तर म्हातारी हाकलणार कुणाला? म्हणून दाणे न घालण्याचा नियम रद्द. उलट रोज पोत्यातून सुके वाटाणे मनोऱ्यात येतात, आणि जो पट्टेवाला दाणे घालणाऱ्यांना पकडायचा तोच ते खांद्यावर वाहून आणतो. काट्यावर भिजवलेले वाटाणे चिकटवायचे, असा मला लेखी हुकूम आहे.

एकीकडे हाकलायचं, दुसरीकडे बोलवायचं. माझं डोकं चालत नाही. तुम्ही येता का?

तुमची,
क्वेता


ब्रनो
२ जून १९३१

क्वेता,

नाही.

मी एका जिल्हा न्यायाधीशाची विधवा आहे. भोकातून तोंड काढून पाखरांना शिव्या द्यायची नोकरी मी या वयात धरणार नाही. आणि सत्तरेक? मी अडुसष्टची आहे. कोप्रिवाला सांग, त्याच्या आईच्या लग्नात मी करवली होते, त्याने मला हिशेब शिकवू नये.

तू स्वतः जा झडपेतून. तुला तर आरामात जाता येईल. घर तुझं, काम तुझं.

माझी मान अजून दुखते आहे.

ओतिली


स्तारी ब्रोद
१५ जून १९३१

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. काल मी गेले.

राजधानीचे पाहुणे दोन मोटारी भरून आले होते. बायका छत्र्या घेऊन, एकाकडे कॅमेरा. मी तुमची हॅट घातली, तुमची छत्री घेतली. झडपेतून बाहेर आले. काट्यावर सगळी मंडळी वाटाणे खाऊन जड होऊन बसली होती. मी छत्री हलवली. एकानेही मान वळवली नाही. शिव्या द्यायच्या म्हणून तोंड उघडलं आणि मला, वन्सं, एकही आठवली नाही. शेवटी मी म्हणाले, "उठता का आता?" तेही हळू.

खाली एक बाई नवऱ्याला म्हणाली, ते वाऱ्याने वर आलं, "ही नवीन बसवलेली दिसते. हल्ली पूर्वीसारखं काम होत नाही." दुसरा म्हणाला, "आवाजाची कळ बिघडलीय." घड्याळाचे बारा वाजायचेच राहिले, आणि पाहुणे वाट बघून बदकाचं मांस गार होईल म्हणून जेवायला निघून गेले. जाताना त्यांनी विचारलं, मूळची म्हातारी कुठे आहे? तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले, "ब्रनोला दुरुस्तीला पाठवली आहे."

ते आता रोज सकाळी येऊन विचारतात, काम कुठवर आलं. एक तर दुरुस्ती व्हावी, नाहीतर मंत्र्यांना खरं सांगावं लागेल. खरं सांगितलं तर त्यांची खुर्ची जाईल आणि माझं घर. त्यांच्या खुर्चीचं मला काही नाही.

पण मी त्यासाठी बोलवत नाही. एक खोटं माझ्याकडून राहून गेलंय, ते निस्तरते. त्या दिवशी मी रडत नव्हते. मी हसत होते. तुम्ही त्या म्हाताऱ्या कबुतराला त्याच्या सात पिढ्यांसह जे म्हणालात, ते ऐकून मला हसू आवरेना. तुमचे पाय हातून सुटतील म्हणून मी परकरात तोंड खुपसलं. रादेक गेल्यापासून मला हसू आलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते मी विसरले. तो असता तर तोही तिथेच बसला असता जमिनीवर, पोट धरून.

तुम्ही रडणं समजून मला माफ केलंत. आता हवं तर माफी परत घ्या.

क्वेता


ब्रनो
१८ जून १९३१

प्रिय क्वेता,

माफी परत घेत नाही. हसत होतीस, हे वाचून मीही इथे एकटी बसल्या बसल्या हसले, आणि मानेत जी कळ आली ती आली, पण त्यानंतर मान सुटली. डॉक्टरला इतके दिवस जमलं नाही ते.

कोप्रिवाला निरोप दे, दुरुस्ती झाली. शनिवारच्या दुपारच्या गाडीने येते आहे. स्टेशनवर ढकलगाडी पाठव, दोन पेट्या आहेत आणि एक आरामखुर्ची. खाणावळीत खोली बघू नकोस, मधल्या खोलीत झोपेन.

माझ्या अटी ऐक. झडपेची चौकट आणखी रुंद करून घे, सुताराला माझं माप विचारू नकोस, डोळ्यांनी घे म्हणावं. काय बोलायचं ते मी ठरवणार, नगरपालिका नाही. चर्चच्या फादरना वाईट वाटलं तर त्यांनी बाराला कानात बोटं घालावीत. काट्यावर वाटाणे चिकटवायचं थांबव, कबुतरं फुकट आली होती, फुकटच येतील. आणि रादेकच्या हॅटमधली पिल्लं उडून गेली असतील तर ती हॅट मला घालायला दे, माझी पाण्याने आटली असणार.

पाठीमागे तूच उभी राहा, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. हसू आलं तर खुशाल हस. पाय मात्र सोडू नकोस.

तुझी,
ओतिली